सावली धरणारा उपग्रह

आज दुपारी नवी पेठेत ऊन नुसतं मी म्हणत होतं. रसवंतीत टेकलो, तर भाचा विचारतो, "मामा, सूर्य किती तापतो ओ?" म्हटलं, पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश, पण भोवतीचा करोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, दहा लाखांच्या पुढे! का, ते कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. हा करोना एरवी झगमगाटात दिसत नाही, म्हणून दुर्बिणीतच सूर्यबिंब झाकतात. आपल्या 'आदित्य-एल१' यानावरची व्हीईएलसी ही दुर्बीण तेच करते. युरोपच्या 'प्रोबा-३'चा तर कहरच. २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेले दोन उपग्रह, मध्ये सुमारे १५० मीटर अंतर. एक सावली धरतो, दुसरा फोटो काढतो. तेही मिलिमीटरच्या हिशेबात! आमच्याकडे दोन रिक्षा शेजारी लावल्या तरी आरसे घासतात.