आधी तोंड उघडून बघा

न बोलणारं मूल अचानक चिडायला लागलं, स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागलं, रात्ररात्र झोपेना, की सगळे म्हणतात ऑटिझममुळे असेल, औषधाचा डोस बदलून बघा, शाळेत काही झालंय का बघा. मला कळकळीने सांगावंसं वाटतं, आधी त्याचे दात बघा हो! ज्याला "दाढ दुखतेय" म्हणता येत नाही ते एकाच बाजूने चावतं, आवडीचा पदार्थ अर्धा टाकून उठतं, गार पाणी ढकलून देतं, शर्टाची कॉलर चावत बसतं. माझा लेक बोलत नाही, त्यामुळे टॉर्च घेऊन त्याचं तोंड बघायचं हा आमच्या घरातला नेमच आहे. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर लगेच दाखवा, कारण कीड तिथून सुरू होते आणि तेवढ्यावर असताना फ्लोराइडने थांबू शकते, खड्डा पडला की तो मात्र भरून येत नाही.

"ह्या मुलांचे दात असेच असतात" हे वाक्य ऐकलं की मला फार राग येतो. असेच कसे असतील? रोज रात्री औषधाचं साखर घातलेलं सिरप जातं पोटात, मग दात न घासता झोप. फिट्ससाठी फेनिटोइन चालू असेल तर हिरड्या वाढून दातांवर येऊ शकतात. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसतो) घास गालात तसाच राहतो, झोपेत दात खायची सवय असते, आणि पोटातलं ॲसिड वर येत असेल तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, झिजतं. डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, आणि हिरड्यांचा त्रास जास्त होतो (हृदयाचा काही दोष असेल तर डेंटिस्टला आधीच सांगा, काही मुलांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं). आणि ज्यांना नळीने अन्न देतात त्यांचे दातही घासायचेच! तोंडाने काही खात नाही म्हणून राहून जातं, पण अशा मुलांच्या दातांवर उलट जास्त टार्टर (दाताला चिकटलेला कडक थर) साठतं आणि तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

ब्रश बेसिनपाशीच व्हायला हवा असं काही नाही. आम्ही गादीवर करतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर, मी मागून वाकून, म्हणजे मला आतपर्यंत दिसतं आणि मान आधारावर राहते. पुदिन्याची चव त्याला झोंबते, फेसाने उमासा येतो, म्हणून बिनचवीची, फेस न होणारी पेस्ट, पण फ्लोराइड असलेलीच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, थुंकता येत नसेल तर फडक्याने टिपून घ्यायची. रोज तेच आकडे मोजायचे, कारण कधी संपणार हे कळलं की तो थांबतो.

डेंटिस्टकडे दुखायच्या आधी जा, खरं तर पहिल्या वाढदिवसापर्यंतच, आणि शक्यतो लहान मुलांच्या डेंटिस्टकडे. फोनवर आधीच सगळं सांगून ठेवा, खुर्चीचे फोटो मागवून घरी दाखवा, हेडफोन, गॉगल बरोबर न्या, पहिल्या वेळी नुसतं बसून परत आलात तरी चालेल. ड्रिलचा आवाज अजिबात सहन होत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या किडीवर नुसत्या लावायच्या औषधाबद्दल जरूर विचारा, त्याने ड्रिल न करता कीड बऱ्याचदा थांबते पण ती जागा कायमची काळी पडते. दुधाच्या दाढेला मी तो काळा डाग आनंदाने चालवून घेते.

आणि बरंच काम असेल तर पूर्ण भूल देऊन एकदाच करून घेणं यात कमीपणा काहीच नाही, बळजबरीने धरून ठेवलेलं मूल पुढे तोंडच उघडत नाही. त्याच भुलेत राहिलेली रक्ततपासणी किंवा कानाची तपासणी उरकता येईल का, हे तारीख ठरवतानाच भूलतज्ज्ञांना आणि बाकीच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.