पंखा

बाबांनी काल जेवणं झाल्यावर फाईल काढली आणि आम्हा तिघांच्या हातात एकेक झेरॉक्स दिली. 'मी गेल्यावर' असं शीर्षक, खाली दोन रेघा. परीक्षेचा पेपरच.

घरीच गेलो तर आधी डॉक्टर, त्यांनी लिहून दिल्याशिवाय पुढचं काही हलत नाही: ताई. नेत्रपेढीला फोन, ६ तासांच्या आत: ताई. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी डोळे चालतात, हे अधोरेखित.) पेसमेकर काढून घेतल्याशिवाय दहन नको, बॅटरी फुटते: जावईबापू. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती, प्रत्येक जण मूळ प्रत मागतो: पुन्हा ताई.

माझं नाव एकदाच, अगदी तळाशी. 'पंखा बंद करणे.'

एवढंच? आजवरच्या सगळ्या दवाखान्याच्या फेऱ्या कुणी केल्या? रात्रभर तेच डोक्यात. ताई जबाबदार, मी आपली बटणापुरती. देहदानाचंही बोलणं निघालं होतं मध्यंतरी, त्याबद्दल कागदावर काहीच नाही. विचारायला हवं होतं. राहिलं.

सकाळी कागद नीट वाचला. पापण्या मिटवून वर ओला कापूस, डोक्याखाली दोन उशा, पंखा बंद. वाऱ्याने बुबुळं सुकतात आणि मग डोळे कुणाच्या कामाचे राहत नाहीत. म्हणजे फोन ताईने कितीही पटकन लावला तरी ते लोक येईपर्यंत खोलीत थांबायचं ते मीच. कापूस पुन्हा पुन्हा ओला करत. हे त्यांनी लिहिलेलं नाही, पण पंखा बंद करणारीने दुसरं काय करायचं?

आणि पंख्यावरून या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील. थंडीतसुद्धा पाचवर. मी गुपचूप बंद करायची, ते झोपेतून ओरडायचे. शेवटी जिंकायचं कुणी, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. तारीख, सही.

दुपारी त्यांच्या खोलीत डोकावले. चादर गळ्यापर्यंत, पंखा गरगर. सवयीने हात बटणाकडे गेला.

डोळे न उघडताच म्हणाले, "आत्ता नाही."

पाचवरच ठेवून आले.