डिप्रेशन आहे तर एवढी हसतेस कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि इनबॉक्समध्ये कुणी ना कुणी विचारतच असतं म्हणून, एकदाच लिहून टाकते. फेसबुकवर मी लिहिते की गोळ्या चालू आहेत, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आणि इन्स्टावर हळदीत नाचते, मग यातलं खरं कुठलं? दोन्ही. पोस्ट मी रात्री झोप लागत नाही तेव्हा लिहिते. फोटो निघतो तो चार माणसं सोबत असतात तेव्हा, एकटी पडून असते तेव्हा कोण काढणार माझा फोटो?

मेडिकल लीव्हवर होते तेव्हा मावसबहिणीची हळद होती संगमनेरला. डॉक्टरच म्हणाले जा, माणसांत जा, म्हणून गेले. परत जॉइन झाले तर एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. मग फोन माझ्यासमोर धरला आणि दोन बोटांनी झूम करत गेल्या, आधी गालावरची हळद, मग माझे दात. "तब्येत छान दिसतेय की." मी सांगायला लागले की त्या फोटोनंतर मी आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर संध्याकाळपर्यंत पडून होते, कुणी जेवायला हाक मारली तरी ओ देववत नव्हती, आणि सांगता सांगता लक्षात आलं की मी आजारी असल्याचा पुरावा देतेय. त्या नुसत्या मान हलवत होत्या.

2009 मध्ये कॅनडात, क्यूबेकमधल्या एका बाईची बातमी आली होती. डिप्रेशनमुळे रजेवर होती, आणि फेसबुकवरचे वाढदिवसाचे, बीचवरचे फोटो दाखवून विमा कंपनीने पैसे थांबवले असं तिचं म्हणणं. तिलाही डॉक्टरांनीच मजा कर म्हणून सांगितलेलं. वाचून रडले मी.

आणि खरं सांगू का, नाचताना मी खरंच खूश होते. नाटक नव्हतं ते. हे बोलायचीच मला जास्त भीती वाटते, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "म्हणजे बरी झालीस ना!"

त्या केबिननंतर मी सगळे हसरे फोटो आर्काइव्ह केले. तेव्हा वाटायचं, सगळीकडे सारखंच उदास दिसलं की लोकांचा विश्वास बसेल. कसला बसतोय, "हिचं सारखं रडगाणं" सुरू झालं. तरी तेव्हा मी अगदीच चुकले असंही म्हणवत नाही, परत कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही ना. बहीण म्हणते टाक ते फोटो परत. अजून टाकलेले नाहीत.