हायब्रिड की रोडबाईक? धुळ्याकडून एक नोंद

मित्राची रोडबाईक (खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल) परत करून आलो. निदान हा पावसाळा संपेपर्यंत माझी सरळ हँडलची, जाड टायरची हायब्रिडच चालवणार. नव्याने सायकल घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून कारणं लिहून ठेवतो.

आधी रोडबाईकचं कौतुक. जून-जुलैत साक्रीकडे निघालं की पश्चिमेचा वारा सरळ छातीवर येतो. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या काही उगाच नाही उभारल्या. हायब्रिडचं हँडल सरळ, बसणं ताठ, त्यामुळे आपणच शीड होऊन बसतो. रोडबाईकवर हँडलच्या खालच्या वळणाला धरून वाकलं की कुसुंब्यापर्यंतचा तोच रस्ता एक गिअर वर टाकून निघतो. ताशी पंचवीसच्या आसपास गेलं की बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. दुकानदार मात्र वजनाचंच सांगत बसतात. ते वजन लळिंगच्या चढाला जाणवेल, सपाटीला नाही. शिवाय रोडबाईकवर हात बदलायला दोन-तीन जागा मिळतात. सरळ हँडलवर लांब गेलं की तळव्यांना मुंग्या येतातच.

एवढं असूनही हायब्रिड, ती टायरमुळे. मित्राचं टायर २५ मिमीचं, माझं ३५. हायवेच्या कडेला खडी आणि काचा, गाव लागलं की पट्टे न मारलेले गतिरोधक, आणि शेतरस्त्याला उतरलात तर बाभळीचे काटे. बारीक टायरमध्ये ८०-१०० पीएसआय हवा ठेवावी लागते, त्यामुळे प्रत्येक खड्डा मनगटात येतो. कमी ठेवली तर ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. माझं काम पन्नास-साठवर भागतं.

आणि वाल्व्ह! रोडबाईकला बारीक प्रेस्टा. हवा भरायला थांबलो तर पंक्चरवाला वाकून बघतो नि म्हणतो, "भाऊ, हाई काय शे?" त्याची नळी बसेचना. रोडबाईक घेणाऱ्यांनी पितळी अडॅप्टर आणि हातपंप कायम पिशवीत ठेवावा. माझ्या हायब्रिडला मोटारसायकलसारखाच वाल्व्ह आहे, कुठेही हवा मिळते.

हायब्रिडला नंतर ड्रॉप हँडल, म्हणजे रोडबाईकसारखं खाली वळलेलं, बसवू, असा बेत असेल तर सोडा. नुसतं हँडल बदलून भागत नाही, गिअर आणि ब्रेकचे लिव्हर बदलावे लागतात. रोडबाईकचे लिव्हर वायर कमी ओढतात, त्यामुळे हायब्रिडचे व्ही-ब्रेक (दोन लांब हातांनी रिम दाबणारे) नीट लागत नाहीत. फ्रेमही लांब असते, हात पोचेपर्यंत कंबर धरते. त्या खर्चात थोडी भर टाकली तर जुनी रोडबाईक येईल. पुढे सस्पेन्शन असलेली हायब्रिडही मी घेणार नाही. डांबरी रस्त्यावर ते फक्त ओझं.

मी आता नक्षी नसलेलं ३२ चं टायर टाकतोय आणि हँडलच्या टोकांना बार-एंड, म्हणजे हात बदलून धरायला छोटी शिंगं, लावतोय. डोळ्यासमोर २०० किलोमीटरची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. वेळ साडेतेरा तास, म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा. सायकल कुठली, हे तिथे कुणी विचारत नाही. वारा पडला की ऑक्टोबरात पुन्हा मित्राकडून रोडबाईक मागून बघेन.

आपल्याकडच्या काट्यांत ट्यूबलेस कुणी चालवलंय का? आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात किती टिकतं, ते सांगा.