ओकॅमचा वस्तरा सगळ्यांना माहितीये, त्याचा देव कुणालाच नाही

चौदाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ओकॅम, त्याचं नाव काढलं की लोक लगेच त्याच्या वस्तऱ्यावर येतात, म्हणजे गरज नसताना जास्तीची गृहीतकं धरू नका वगैरे, आणि तिथंच थांबतात. पण त्याचा खरा दणका बसला तो ख्रिस्ती धर्मशास्त्राला, आणि त्यावर कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न तसा आपल्याही ओळखीचा आहे. गाई दिसतात, पण त्या सगळ्यांत असणारं 'गोत्व' वेगळं खरोखर अस्तित्वात आहे का? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात आहे, दिङ्नाग-धर्मकीर्ती हे बौद्ध तर्कपंडित म्हणतात नाही. पुण्यात भांडारकर किंवा डेक्कन कॉलेजच्या आसपास वावरणाऱ्या कुणालाही विचारा, हा वाद लगेच रंगतो. चौदाव्या शतकातल्या ओकॅमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तरी तो पोचला 'नाही' वरच. जगात आहेत त्या एकेक वस्तू, गोत्वासारखं 'सामान्य', म्हणजे अनेकांत समान असणारं तत्त्व, फक्त मनात आणि शब्दांत. हाच नामवाद.

आता हे देवापर्यंत कसं जातं बघा. वस्तूंची ठरलेली, सनातन सारतत्त्वंच नसतील तर देवाला बांधणारंही काही उरत नाही, स्वतःशी विसंगत नसेल ते काहीही तो करू शकला असता, आत्ताची व्यवस्था ही त्याने स्वेच्छेने निवडलेली. मग नुसत्या तर्काने देव कितीसा कळणार? त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे तर सिद्ध करताच येत नाही, श्रद्धेनेच मानायचं असं ओकॅम सरळ म्हणतो. यावरून काहीजण त्याला श्रद्धा पोखरणारा ठरवतात ते मला अजिबात पटत नाही. हा फ्रान्सिस्कन साधू, ख्रिस्ताच्या आणि त्याच्या शिष्यांच्या गरिबीवरून पोपशी भांडला, १३२८ मध्ये आव्हिन्योंहून, म्हणजे तेव्हा पोप जिथे राहायचे त्या फ्रान्समधल्या शहरातून, पळाला, चर्चमधून बहिष्कृत झाला. देवाचं स्वातंत्र्य त्याला मनापासून प्रिय होतं म्हणूनच तो असं बोलला असं मला वाटतं.

पुढे पंधराव्या शतकातल्या गाब्रिएल बील या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने या स्वतंत्र देवाला वचनाची जोड दिली, तू तुझ्याकडून होईल तेवढं कर, कृपा द्यायचं देवाने कबूल केलंय. ऐकायला किती दिलासा! पण जर्मनीत एरफुर्टच्या विद्यापीठात याच परंपरेत शिकलेल्या मार्टिन ल्यूथरला, ज्याच्यापासून पुढे प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याला, नेमकं हेच छळत राहिलं, की माझ्याकडून होईल तेवढं मी केलंय हे मला कळणार कसं? १५१७ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे चर्चच्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्धच्या त्याच्या प्रसिद्ध ९५ प्रबंधांच्याही आधी, त्याने बील आणि ओकॅमवर नाव घेऊन हल्ला चढवला. माणसाच्या प्रयत्नांची अट त्याने उडवली, देवाच्या वचनावरचा भरवसा मात्र घट्ट धरून ठेवला.