आयत्या वेळी नको

रविवार, चैत्र. रात्रीचे साडेअकरा

पाय ठणकताहेत. सकाळी उन्हं चढायच्या आत भाचीला घेऊन किल्ल्यावर गेले होते. ग्वाल्हेरला कुणीही पाहुणा आला की मी त्याला चतुर्भुज मंदिरासमोर उभं करते. एकाच खडकात कोरलेलं एवढंसं देऊळ. आतला शिलालेख इसवी सन ८७६चा, त्यावर बागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, देवाला रोज ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण काढतो तसंच वाटोळं, फक्त इतर आकड्यांपेक्षा बारीक. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, तरी तिथे अजून घसा दाटतो. पूर्वी मी 'जगातलं पहिलं शून्य' असं ठोकून द्यायचे. कंबोडियातल्या शिलालेखात ६८३ सालचं शून्य आहे हे वाचल्यापासून 'जगातलं' गाळते. गाळताना जिवावर आलं होतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

पुढे जौहर कुंड. तिथेही माझा तोच सूर लागला. १२३२, इल्तुतमिशचा वेढा, राजघराण्यातल्या बायकांनी घेतलेल्या उड्या. "केवढं ते तेज!" म्हणाले. भाची चौदा वर्षांची, पुण्याची. खाली बघत म्हणाली, "आत्या, त्यांतल्या एखादीला नको असेल तर?"

मी म्हटलं, चल, ऊन वाढतंय. वाढत होतंच, खोटं नाही.

येताना फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी थांबलो. आम्हां ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसांना राणीचाही अभिमान आणि शिंदे सरकारांचाही. १८५८च्या जूनमध्ये राणी आणि तात्या टोपे इथे आले, शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीराव शिंदे स्वतः आग्र्याला इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. यांचे खापरपणजोबा दरबारात कारकून होते म्हणतात. ते त्या महिन्यात कुणाच्या बाजूला होते, हे सासरी कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

संध्याकाळी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, दुपारपासून स्वयंपाकघरात. दीड किलो डाळ भिजवलेली, कैरी किसलेली. वाटताना डाळीत पाणी पडू द्यायचं नाही हा त्यांचा दंडक, म्हणून अजून मिक्सर नाही, पाटाच. फोडणीत सुक्या मिरच्या काळ्या व्हायच्या आत पातेलं उतरवायचं. पन्ह्यात वेलची त्यांच्या हातची. बाहेर तीस-पस्तीस बायका येऊन गेल्या, सगळ्यांनी डाळीची तारीफ केली, दोघींनी डब्यात भरूनही नेली. काका जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून या दिवशी काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येत नाहीत. त्यांना कुणी अडवत नाही, आणि या म्हणतही नाही.

कोल्हापूरकडच्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्या दिवशी मी ती बातमी फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. 'आपला महाराष्ट्र!' असं वर लिहून. आम्ही इथे पाच पिढ्या ग्वाल्हेरात, पण अशा वेळी महाराष्ट्र आपला होतो.

शेवटच्या बायका चपला शोधत होत्या तेव्हा मी कोयरी घेऊन आत गेले. भाचीचा प्रश्न डोक्यात होता, दुसरं काय! काकू ओट्याशी पातेल्याच्या कडेची डाळ उलथन्यानं काढत होत्या. मी बोट कुंकवात बुडवलं, तशी त्यांनी मान मागे घेतली.

"आत्ता?" म्हणाल्या. "बाहेरच्या दिसेनाशा झाल्यावर?"

मला काही सुचेना. म्हटलं, "काकू, तुम्हाला नको असेल तर राहू दे."

"हवं-नको मला अकरा वर्षांत आज विचारतेयस." रागावलेल्या नव्हत्या. हात धुतले, पदराला पुसले. "ती कोल्हापूरकडच्या गावाची बातमी मला तूच वाचून दाखवली होतीस. मी तेव्हापासून वाट बघत होते. म्हटलं, पुढच्या चैत्रात म्हणेल. मग त्याच्या पुढच्या."

कोयरीचं झाकण लावायला गेले तर ते बसेना, बोटाला कुंकू तसंच.

"पुढच्या वर्षी बोलावणं करायला जाशील ना, तेव्हाच सांग त्यांना, की काकू बाहेर बसणार आहेत. ज्यांना यायचं त्या येतील. आयत्या वेळी नको."

मी हो म्हटलं. त्यांनी ओटीचे उरलेले हरभरे माझ्या ओंजळीत ओतले आणि दिवा मालवायला सांगून झोपायला गेल्या.

आता हे लिहिताना बोलावण्याची यादी डोळ्यांपुढे आहे. पहिलं नाव थोरल्या जाऊबाईंचं. त्यांना फोनवर सांगून भागणार नाही, घरी जावं लागेल.