पुढून चेपलेली गाडी

“गाडी पुढून एवढी चेपली, बोनेटची घडी झाली, रेडिएटर मागे जाऊन इंजिनाला टेकला, आणि तरी तुम्ही तिला चांगली गाडी म्हणता, ते कसं काय?” हा प्रश्न गेली दोन वर्षे मला सतत विचारला जातो. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत विचारला जातो, खानापूरकडच्या पाहुण्यांच्या लग्नात विचारला जातो, आणि नवी गाडी घ्यायला निघालेले ओळखीचे लोक तर मुद्दाम घरी येऊन विचारतात. दर वेळी मी दोन-चार वाक्यांत उत्तर देतो आणि ते अपुरे राहते. तुम्ही विचारलेत म्हणून आज ते नीट मांडतो. या उत्तराचा एक भाग गाडीबद्दल आहे आणि दुसरा माझ्या आईबद्दल आहे, आणि तोंडी सांगताना तो दुसरा भाग मी बहुतेक वेळा गाळतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत निपाणीला आत्याच्या घरचा कार्यक्रम आटोपून आम्ही बेळगावला परतत होतो. पुढे मी आणि पत्नी, मागे आई आणि माझी दहा वर्षांची भाची. संकेश्वर मागे पडले होते, अंधार झाला होता, आणि हत्तरगीच्या अलीकडे चौपदरी रस्त्यावर आमच्याच बाजूने, उलट दिशेने, एक भरलेला छोटा टेम्पो समोर आला. लांबचा फेरा वाचवण्यासाठी या महामार्गावर उलटी येणारी वाहने आपण सगळेच रोज पाहतो. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली, आणि आमची उजवी बाजू त्याच्या उजव्या बाजूवर आदळली. गाडीचे नाक दोन फूट आत गेले. पण माझ्या पायांपुढची जागा शाबूत होती, स्टीअरिंग जागेवर होते आणि चारही दारे हाताने उघडली. मी आणि पत्नी एअरबॅगच्या पांढऱ्या भुकटीने माखून, छातीवर पट्ट्याचे वळ घेऊन, आपल्या पायांनी बाहेर आलो. भाचीने पट्टा लावला होता, तिला खरचटलेसुद्धा नाही. टेम्पोचालकाचा पाय मोडला. आईचे खांद्याचे हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. तिने पट्टा लावलेला नव्हता.

चेपण्याबद्दल आधी सांगतो. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर त्याचे तुकडे होतात आणि ॲल्युमिनियमचे पातेले पडले तर त्याला पोचा येतो, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. पोचा येतो म्हणजे पडण्याचा जोर धातू स्वतःत जिरवून घेतो. ताशी ६४ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी ती सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पाचमजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली टाकली तर जमिनीवर पोहोचताना असते. ही ऊर्जा थांबताना कुठे तरी जावीच लागते. गाडीचे नाक साठ सेंटिमीटर घडी होत होत थांबले, तर आत बांधलेल्या माणसाच्या अंगावर सरासरी त्याच्या वजनाच्या सत्तावीस पट जोर येतो, जो निरोगी शरीर क्षणभर सोसू शकते. नाक इतके कडक असले की गाडी दहाच सेंटिमीटर चेपून थांबली, तर तोच जोर एकशे साठ पट होतो. गाडी दिसायला धड राहते आणि आतला माणूस जातो. शाळेतल्या सूत्राने मांडता येईल असा हा ढोबळ हिशेब आहे, आणि माझ्या गाडीच्या बोनेटची घडी का झाली याचे सगळे उत्तर त्यात आहे.

म्हणून गाडीची दोन टोके घडी होण्यासाठी आणि मधला पिंजरा अजिबात न वाकण्यासाठी बांधायचा, हा विचार बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीजसाठी १९५० च्या दशकात मांडला, आणि तो वापरून बांधलेली त्या कंपनीची गाडी १९५९ मध्ये बाजारात आली. योगायोग असा की त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांचा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टाही गाडीत आला. “जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, हल्ली सगळा कागद झालाय,” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी नेहमी एक चाचणी सांगतो. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ सालची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने एकमेकींवर आदळवल्या. जाड पत्र्याच्या जुन्या गाडीत चालकाची बसायची जागाच कोसळली, आणि त्या जागी खरा माणूस असता तर तो वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पूर्ण चेपले, पण तिच्या चालकाला पायाच्या दुखापतीपलीकडे फारसे काही झाले नसते.

आता स्टारबद्दल, म्हणजे गाडी मुद्दाम आदळवून तिच्या सुरक्षिततेला जे शून्य ते पाच तारे देतात त्यांच्याबद्दल. लोक विचारतात ते शेवटी इथेच येते: “पाच स्टार आहेत ना, मग झालं की!” भारतात या चाचण्यांची चर्चा सुरू झाली ती २०१४ मध्ये, ग्लोबल एनकॅप या संस्थेने ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या गाड्या आदळवून पाचही गाड्यांना शून्य स्टार दिले तेव्हापासून. त्या निकालातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. फिगो आणि पोलो यांचे सांगाडे टिकले होते, तरीही एअरबॅग नसल्यामुळे त्यांना शून्य मिळाले. आणि दोन एअरबॅग लावलेली पोलो पुन्हा आदळवली तेव्हा तिला चार स्टार मिळाले. म्हणजे टिकणारा पिंजरा आणि आतल्या माणसाला धरून ठेवणारी व्यवस्था, या दोन्ही गोष्टी लागतात, आणि एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. पुढे २०१८ च्या डिसेंबरमध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले आणि हे आपल्याकडेही जमू शकते हे दिसले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे, म्हणजे कंपनी आपणहून गाडी देते. सक्तीची सरकारी चाचणी वेगळी आहे, तिच्यात गाडी समोरून ताशी ५६ किलोमीटरने आदळवतात आणि निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा असतो.

भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरने अशा अडथळ्यावर नेतात ज्याचा दर्शनी भाग मधमाशांच्या पोळ्यासारख्या ॲल्युमिनियमचा असतो. गाडीच्या रुंदीचा फक्त ४० टक्के भाग, तोही चालकाच्या बाजूचा, त्यावर आदळतो, कारण रस्त्यावरची समोरासमोरची धडक बहुधा अशीच अर्धवट होते. आमची तशीच झाली. याखेरीज ताशी ५० किलोमीटरने बाजूने धडक देतात, आणि वरचे स्टार हवे असतील तर ताशी २९ किलोमीटरने गाडी आडवी खांबावर नेतात. डमीच्या, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या, डोक्यात, मानेत, छातीत आणि पायांत मोजणी यंत्रे असतात, आणि डोके कुठे लागले ते कळावे म्हणून चेहऱ्याला ओला रंग फासलेला असतो. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण असतात. पाच स्टारसाठी त्यांतले निदान २७ आणि ४१ मिळावे लागतात.

या सगळ्या चाचणीत गाडीत कोण बसलेले असते, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. समोरच्या धडकेत पुढे दोन मोठ्या माणसांचे डमी असतात, दोघांनीही पट्टा लावलेला असतो. मागे दोन मुलांचे डमी असतात, एक दीड वर्षाचा आणि एक तीन वर्षांचा, आणि दोघेही आपापल्या बालआसनात बांधलेले असतात. मागच्या सीटवर मोठे माणूस नसते. न बांधलेले माणूस तर गाडीत कुठेच नसते. म्हणजे ज्या स्टारांच्या भरवशावर मी ती गाडी घेतली, ते स्टार देताना माझ्या आईसारखी व्यक्ती, मागच्या सीटवर, नऊवारीत, पट्ट्याविना बसलेली, कोणी गृहीतच धरली नव्हती.

निघताना मी तिला पट्टा लाव म्हणालो होतो. “जवळच तर जायचंय रे, आणि लुगडं चुरगळतंय,” असे ती म्हणाली, आणि मी गाडी सुरू केली. धडक बसली तेव्हा गाडी थांबली आणि आई त्याच वेगाने पुढे जात राहिली, ती पत्नीच्या सीटच्या पाठीवर आदळली. ती पाठ पुढे वाकली, आणि पट्टा व एअरबॅग यांनी सांभाळलेल्या पत्नीच्या कंबरेला मागून मार बसला, जो बरा व्हायला दोन महिने गेले. मागच्याने पट्टा लावला नाही तर पुढच्याचीही सुरक्षा जाते, हे मला पुस्तकातून माहीत होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ लोक देशात अपघातांत मेले, आणि त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. हा आकडा वाचताना मला दर वेळी आमच्या गाडीची मागची सीट दिसते.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाताना एका गाडीत आठ जण आणि मांडीवर लेकरू, हे दृश्य आपल्याकडे नवीन नाही. आईच्या मांडीवर मूल सर्वांत सुरक्षित असते ही आपली समजूत मायेतून आलेली आहे, पण वर मांडलेल्या हिशेबात दहा किलोचे मूल त्या क्षणी दोनशे सत्तर किलोच्या जोराने पुढे ओढले जाते, आणि तेवढे धरून ठेवण्याची ताकद जगातल्या कोणत्याही आईच्या हातांत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचे आहे.

स्टार जिथे उपयोगी पडत नाहीत अशी एक जागा आपल्या जिल्ह्यात दर गळीत हंगामात तयार होते. रात्रीच्या वेळी एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला. चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकाच्या उंचीवर असतो, त्यामुळे नाकाला घडी होता येते. ट्रॉलीचा सांगाडा त्याहून वर असतो. गाडीचे नाक त्याखाली शिरते, आणि लोखंड काचेतून थेट माणसांच्या पातळीवर येते. घडी व्हायला बांधलेला भाग कशालाही न टेकता खाली निघून जातो. याचे उत्तर गाडीच्या कारखान्यात नाही. ते ट्रॉलीच्या मागे लावलेल्या चमकत्या पट्ट्यांत आणि आपण रात्री वंटमुरीच्या घाटात किती वेगाने उतरतो यात आहे. वेग ६४ वरून ८० केला की ऊर्जा दीडपटीहून अधिक होते आणि १०० वर जवळजवळ अडीचपट होते, आणि कोणतीही स्टारवाली गाडी त्या हिशेबाने तपासलेली नसते.

गाडी “मजबूत” करण्यासाठी पुढे लोखंडी गार्ड बसवणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की तो काढून टाका. ज्या भागाने हळूहळू चेपायचे, त्याच्याच पुढे तो कडक लोखंड उभे करतो, आणि धडकेचा जोर ठरल्याप्रमाणे न पोहोचल्यामुळे एअरबॅगची वेळही चुकू शकते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे राज्यांना कळवले. तसेच पट्ट्याचा इशारा बंद करणाऱ्या त्या छोट्या क्लिपांचे. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या, तरी दुकानांत त्या मिळतात. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठीच बनवलेली असते. ती सेकंदाच्या शंभराव्या भागांच्या हिशेबात फुगते, आणि पट्ट्याविना आधीच पुढे सरकलेल्या चेहऱ्याला ती गादीसारखी नव्हे, ठोशासारखी भेटते.

तेव्हा माझी गाडी चांगली होती का? होती. जे चेपायचे ते तिने चेपून घेतले आणि जे टिकवायचे ते टिकवले. तिच्यावर सोपवलेले काम तिने पूर्ण केले, आणि माझ्यावर सोपवलेले एक काम मी केले नाही.

गेल्या दिवाळीआधी मेव्हण्याने गाडी घेतली, तेव्हा शोरूममध्ये तो मला घेऊन गेला आणि मी आईला घेऊन गेलो. मेव्हणा पुढे बसून स्क्रीन पाहत होता, मी विक्रेत्याला विचारत होतो की हे स्टार नेमक्या कोणत्या वर्षीच्या चाचणीतले आहेत, एअरबॅगा सगळ्या प्रकारांत तितक्याच आहेत का, मागच्या मधल्या जागेला तीन टोकांचा पट्टा आहे की नुसता कमरेचा. आई कोणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसली, डाव्या हाताने पदर सावरला, अजून पूर्ण वर न जाणाऱ्या उजव्या हाताने पट्टा ओढला आणि खाच शोधू लागली. “अरे, हे खाली गादीत गेलंय की,” ती म्हणाली. विक्रेत्याने वाकून, नव्या सीटकव्हरच्या खाली हात घालून, ती खाच वर काढली, आणि आईने पट्टा लावून पाहिला.